तुळईतला पाऊस

गेल्या उन्हाळ्यात पेठेतला एक वाडा उतरवताना बघत उभा होतो. सोबत भाची होती, सातवीतली. वाडा उतरवणं म्हणजे काय ते पुण्यात सांगायला नको. आधी कौलं जातात, मग तक्तपोशी, मग तुळया आणि खांब. माती डंपरमध्ये आणि सागवान टेम्पोत. मातीला कोणी विचारत नाही, सागवानाचा मात्र सौदा वाडा पडायच्या आधीच झालेला असतो.

एक तुळई टेम्पोत मावेना म्हणून तिचं टोक करवतीने कापलं. कापलेल्या तोंडावर एकात एक अशा बारीक रेघा उमटल्या होत्या. भाचीने केसातली पिन काढली आणि मधल्या ठिपक्यापासून बाहेरच्या बाजूला मोजायला लागली. टेम्पोवाला "चला, चला" म्हणेपर्यंत तिचे एकशे तेरा झाले होते.

मी वखारवाल्या काकांना विचारलं, "काका, किती जुनं असेल हे?" ते म्हणाले, "वाडा दीडशे वर्षांचा तरी असेल." त्यावर भाची म्हणाली, "मामा, वाडा दीडशे वर्षांचा. पण झाड त्याच्याही आधी एकशे तेरा वर्षं उभं होतं ना?"

मी मनातल्या मनात आकडेमोड केली. वाडा साधारण १८७५ चा धरला, तर त्यातून ११३ गेले की १७६२ उरतात. म्हणजे पानिपत होऊन वर्षभर झालेलं असताना कुठल्यातरी डोंगरात उगवलेलं रोप! १७९१-९२ चा तो भयानक 'कवटी दुष्काळ' त्या झाडाने उभ्याने बघितलेला असणार. आणि आता ते टेम्पोत बसून कुणाच्या तरी फ्लॅटमधलं डायनिंग टेबल व्हायला निघालं होतं.

आमचा हिशोब पोरखेळाचा होता. तो का, ते पुढे सांगतो. पण त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून ही मोठी पोस्ट. वेळ काढून वाचा. विषय झाडांचा वाटला तरी शेवटी तो तुमच्या-आमच्या नळाच्या पाण्यापर्यंत येतो.

आधी साधी गोष्ट. साग हे पानझडीचं झाड आहे. उन्हाळ्यात पानं गाळून ते नुसतं उभं राहतं. पावसाळ्याच्या तोंडावर पालवी फुटते तेव्हा पाणी वर ओढायला मोठ्या छिद्रांचं लाकूड तयार होतं. नंतर हंगामभर बारीक छिद्रांचं घट्ट लाकूड वाढतं. पुन्हा उन्हाळा, पुन्हा थांबणं. मोठ्या छिद्रांची ती ओळ म्हणजे नवीन वर्षाची सुरुवात. ढोबळमानाने पाऊस चांगला झाला की वलय रुंद आणि पाऊस रुसला की अरुंद.

मग नुसती वलयं मोजली की झालं? नाही, आणि आमचा हिशोब इथेच पोरखेळाचा ठरतो. मधेच पावसाने मोठी दडी मारली आणि पुन्हा आला, तर झाड एकाच वर्षात दोन रेघा ओढू शकतं. फार हलाखीच्या वर्षी एखाद्या बाजूला रेघ उमटतच नाही. कधी कीड सगळी पानं खाते, कधी वणवा लागतो, कधी शेजारचं मोठं झाड ऊन अडवतं. वलय अरुंद दिसलं की दुष्काळ, असं एका झाडावरून म्हणता येत नाही. शिवाय सुतार तुळई चौरस करताना बाहेरचं फिकट, कच्चं लाकूड तासून टाकतो. म्हणजे शेवटची काही वर्षं आधीच रंध्याखाली गेलेली असतात.

यावर उपाय काढला एका खगोलशास्त्रज्ञाने. अमेरिकेतल्या ॲरिझोनात ए. ई. डग्लस नावाचे गृहस्थ होते. त्यांना सूर्यावरच्या डागांचा हवामानावर काही परिणाम होतो का ते शोधायचं होतं. पण जुन्या हवामानाच्या नोंदी आणणार कुठून? म्हणून १९०४ च्या सुमारास ते पाइनच्या झाडांची वलयं बघायला लागले. त्यांच्या लक्षात आलं की एका भागातल्या सगळ्या झाडांत रुंद-अरुंद वलयांचा क्रम सारखाच येतो.

हे समजायला आपल्याकडची उपमा देतो. गावातल्या दोन घरांच्या जमाखर्चाच्या वह्या सापडल्या असं समजा. एकीवर सालं आहेत, दुसरीची सालाची पानं फाटली आहेत. पण दोन्हींत 'कर्ज काढलं, कर्ज काढलं, बैल विकला, मग दोन वर्षं बरी गेली, मग पुन्हा कर्ज' हा क्रम तसाच्या तसा आहे. मग दुसऱ्या वहीचं साल कळायला किती वेळ लागणार? झाडांच्या बाबतीत हेच करतात आणि त्याला क्रॉसडेटिंग म्हणतात. अनेक झाडं एकमेकांशी ताडून बघितली की एकाची खोटी रेघ किंवा गाळलेली रेघ लगेच उघडी पडते.

मग डग्लस जुन्या घरांकडे वळले. तिथल्या मूळ रहिवाशांच्या ओसाड वस्त्यांमधल्या तुळयांमधून ५८५ वर्षांची एक सलग साखळी त्यांनी जुळवली. अडचण एवढीच की ती साखळी नेमकी कोणत्या सालापासूनची, ते कळत नव्हतं. जिवंत झाडांची साखळी एकीकडे, जुन्या घरांची दुसरीकडे, आणि मधे खिंड. १९२९ च्या जूनमध्ये शो लो नावाच्या गावात एक अर्धवट जळलेली तुळई सापडली. तिला नंबर दिला एचएच-३९. तिच्यात १२३७ ते १३८० पर्यंतची वलयं होती आणि तिने खिंड सांधली. त्या एका जळक्या लाकडाने डझनावारी ओसाड वस्त्यांना सालं मिळाली.

१९३७ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात डग्लस यांनी झाडांच्या वलयांची जगातली पहिली खास प्रयोगशाळा सुरू केली. तिला 'तात्पुरती' म्हणून जागा मिळाली ती फुटबॉल स्टेडियमच्या बैठकांखाली, आणि स्वतःची इमारत झाली २०१३ मध्ये. तात्पुरतं म्हणजे काय हे सरकारी कारभारात तिकडेही आपल्यासारखंच! आज तिथे शाळांच्या सहली येतात आणि स्वयंसेवक मुलांना लाकडाच्या चकत्या दाखवत इतिहास सांगतात.

आता आपल्याकडे येऊ. उष्ण प्रदेशातल्या झाडांवर असलं काही जमणार नाही, असं बराच काळ मानलं जायचं, कारण इथे झाडाची वाढ थांबवणारा कडक हिवाळा नाही. पण साग त्याला अपवाद निघाला. १९३१ मध्येच बर्लागे या डच शास्त्रज्ञाने जावा बेटावरच्या सागाची १५१४ पासूनची साखळी छापली होती. आपल्याकडे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत के. ए. चौधरी यांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत भारतीय झाडांमध्ये वलयं कशी तयार होतात याचा पायाभूत अभ्यास केला. त्याच संस्थेच्या संग्रहालयात सातशेहून जास्त वर्षांच्या एका देवदाराची प्रचंड चकती ठेवली आहे आणि तिच्यावर इतिहासातल्या घटनांच्या खुणा केल्या आहेत. जो माणूस तिच्यासमोर उभा राहतो, त्याला व्याख्यानाची गरज पडत नाही.

आणि पुणे? पुणं हे हवामानाच्या अभ्यासाचं शहर आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं. म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव मागे राहिलं. १९६२ मध्ये इथेच उष्णदेशीय हवामानाच्या संशोधनाची संस्था सुरू झाली आणि १९७१ मध्ये ती स्वायत्त झाली. हीच आपली पाषाणची आयआयटीएम. देशभरातल्या ३०६ पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून १८७१ पासूनच्या मान्सूनची सलग मालिका तयार केली ती याच संस्थेने. बातम्यांत 'शंभर वर्षांतला सर्वात कमी पाऊस' वगैरे जे ऐकता, त्याच्यामागे असल्या मालिका असतात.

पण पर्जन्यमापकाची वही दीडशे वर्षांत संपते. म्हणून याच संस्थेतल्या जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी झाडांकडे मोर्चा वळवला. त्यांचा ठाणे भागातल्या सागाच्या वलयांवरचा अभ्यास १९८३ मध्ये छापला गेला. म्हणजे भारतातल्या या कामाच्या सुरुवातीच्या पानांत आपल्या ठाण्याचा साग आहे! हिमालयातल्या देवदारांवरही त्यांनी काम केलं. पंत पुढे संस्थेचे संचालक झाले. आणि २०१० मध्ये बोरगावकर, सिकदर, सोमारू राम आणि पंत यांनी केरळातल्या तीन जंगलांमधल्या सागाची १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची साखळी प्रसिद्ध केली.

पाचशे तेवीस वर्षं! शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधीची दीडशे वर्षं त्यात आहेत. या अभ्यासातून दिसलं ते असं: सागाची वाढ आणि देशातला मान्सून यांचं नातं पक्कं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बघितलं, तर एल निनोमुळे जेव्हा मान्सून तुटला, तेव्हा अरुंद वलयं जास्त वेळा सापडतात. त्याच्या आधीच्या काळातही, जी एल निनोची वर्षं म्हणून माहीत आहेत, त्यांतल्या अनेकांत साग खुरटलेला दिसतो. एल निनो हा शब्द आपण कालपरवा टीव्हीवर ऐकला. साग त्याची नोंद शतकानुशतकं ठेवतोय.

दुष्काळ आपल्या घराघरांत आहे. आमची आजी माण तालुक्यातली. बहात्तर साल म्हटलं की ती लाल मिलो, सुकडी आणि खडी फोडायचं काम यांबद्दल बोलायची. तिच्या आजीच्या तोंडी १८९९ चा असेल, त्याआधी १८७६ ते ७८ चा. तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे दुष्काळाची खरी परिस्थिती मांडली होती. त्याच्याही मागे १६३० चा दुष्काळ, ज्यात तुकोबांच्या घरातली माणसं गेली. पण आजीची आठवण दोन-तीन पिढ्यांत विरते, आणि कागद लिहिला तरच उरतो. कागद दुष्काळ कुठे पडला आणि माणसं कशी मेली ते सांगतो. पण त्याच्या आधीची आणि नंतरची वर्षं कशी होती, तो एकटा आला की साखळीने आला, ते सांगायला एकही वर्ष न गाळता लिहिणारा कारकून लागतो. झाड हा तसा कारकून आहे.

'बरं मग? एवढं जुनं कळून करायचं काय?' असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर मी पाण्याच्या हिशोबात देतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं पाणी राज्यांमध्ये वाटण्याचा करार झाला १९२२ मध्ये. हातात वीस-पंचवीस वर्षांच्या मोजणीचे आकडे होते, त्यांवरून वाटप ठरलं. १९७६ मध्ये त्याच ॲरिझोनाच्या प्रयोगशाळेतले चार्ल्स स्टॉकटन आणि त्यांच्यासोबत गॉर्डन जेकबी यांनी खोऱ्यातल्या झाडांच्या वलयांवरून मागच्या काही शतकांचा प्रवाह काढला. तेव्हा कळलं की ज्या वर्षांच्या आकड्यांवर करार झाला, ती वर्षं नेमकी विलक्षण ओली होती. म्हणजे नदीत नसलेलं पाणी वाटून झालं होतं. त्या चुकीची भांडणं आजही चालू आहेत.

त्याच वर्षी, १९७६ मध्ये, इकडे कृष्णा पाणी तंटा लवादाचा, म्हणजे बच्छावत लवादाचा, अंतिम निवाडा राजपत्रात आला. चारपैकी तीन वर्षं तरी नक्की मिळेल असं कृष्णेचं पाणी २०६० टीएमसी ठरलं. त्यातले ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकाला आणि ८०० आंध्राला. हिशोबाला धरली १८९४-९५ ते १९७१-७२ ही ७८ वर्षं. पुढे दुसऱ्या, ब्रिजेशकुमार लवादाने १९६१ नंतरची ४७ वर्षं धरली, तर आकडे वेगळे आले आणि वाद नव्याने पेटला.

हे आपल्याशी कसं जोडलेलं आहे? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं पाणी मुठेचं. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा कृष्णेला. तुमच्या नळाला दिवसाआड पाणी येणार की रोज, दौंड-इंदापूरच्या कालव्याला आवर्तन मिळणार की नाही, या प्रत्येक भांडणाच्या तळाशी 'या खोऱ्यात साधारण किती पाऊस पडतो' हा आकडा आहे. आणि तो आकडा आपण ७८ किंवा ४७ वर्षांच्या आठवणीवर ठरवतो.

सागाची वलयं थेट टीएमसी सांगत नाहीत, हे मान्य. एका झाडाच्या वाढीत पावसाचा वाटा काही अंशीच असतो. केरळातल्या सागावरून भीमेचं पाणी ठरवता येणार नाही. त्यासाठी आपल्याच खोऱ्यातली, आपल्याच सह्याद्रीतली जुनी लाकडं लागतील. पण सलग तीन-चार कोरडी वर्षं मागच्या तीनशे वर्षांत कितीदा येऊन गेली, एवढं जरी कळलं, तरी धरणातलं पाणी कधी राखून ठेवायचं यावरची चर्चा अंदाजपंचे राहणार नाही.

आणि ही जुनी लाकडं आहेत कुठे? डोंगरात तीनशे वर्षांचा साग आता शोधून सापडायचा नाही. इमारती आणि जहाजांनी तो केव्हाच खाल्ला. मुंबईच्या गोदीत मलबारी सागाचं बांधलेलं, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्याला आहे. शनिवारवाड्याचं सागवान जुन्नरच्या जंगलातून आलं, असं सांगतात. १७३० मध्ये वाड्याचा पाया घातला गेला. त्यासाठी तोडलेली झाडं शंभर वर्षांची असतील, तर १६३० च्या दुष्काळाचं वलय त्या खांबांमध्ये होतं. १८२८ च्या आगीत ते सगळं जळालं. उरलेलं दप्तर आहे ते पेठांमधल्या आणि गावोगावच्या साध्या वाड्यांच्या तुळयांमध्ये, आणि तेच आपण टेम्पोत भरतोय.

इथे मला राजवाडे आठवतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड काढला. त्यापायी ते गावोगाव हिंडले, माळ्यांवरची धूळ खाल्ली, जुन्या दप्तरांसाठी लोकांच्या विनवण्या केल्या. तोवर मोडी कागदांची रुमालं लोक रद्दीत देत होते, बंबात घालत होते. त्यांच्यामुळे दोन गोष्टी झाल्या. कागद वाचले, आणि आपल्या माळ्यावर इतिहास आहे हे सामान्य माणसाला कळलं. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते या दुसऱ्या गोष्टीच्या बळावर. लोकांना किंमत कळल्याशिवाय दप्तर वाचत नाही.

लाकडाच्या दप्तराचंही तेच आहे. पाषाणच्या शास्त्रज्ञांनी निबंध लिहिले आणि ते जगभर वाचले गेले. पण वखारवाल्या काकांना, वाडा उतरवणाऱ्या ठेकेदाराला, सातवीच्या मुलीला ते कळायचे कसे? फेब्रुवारीत विज्ञान दिनाला पुण्यातली माणसं खोडदची दुर्बीण बघायला एसटीने जातात, मार्चमध्ये जागतिक हवामान दिनाला सिमला ऑफिसात मुलांची गर्दी होते. या शहराला विज्ञान बघायची हौस नाही, असं कोणी म्हणू नये. फक्त बघायला समोर काहीतरी हवं.

म्हणून चार गोष्टी सुचवतो.

एक. पुण्यात, लोकांची ये-जा असलेल्या जागी, सागाची एक मोठी चकती कायमची ठेवा. मराठीत खुणा करा: १८७७, १८९९, १९१८, १९७२. बाजूला त्या-त्या वर्षाच्या पावसाचा आकडा लिहा. डेहराडूनला होतं, मग पुण्यात का नाही?

दोन. वाडा उतरवताना सगळ्या नाही, निदान मुख्य तुळयांच्या टोकाची चार बोटं जाडीची चकती काढून ठेवा. वाडा कुठला, तुळई कुठली आणि बांधकामाचं साल माहीत असेल तर ते, एवढं त्यावर लिहा. बाहेरचं फिकट लाकूड किंवा सालीची कड शिल्लक असेल, तर तीच चकती सर्वात मोलाची, कारण झाड कोणत्या वर्षी तोडलं ते तिच्यावरूनच कळेल. अशा चकत्या स्वीकारायला एखाद्या संस्थेने एक टेबल, एक वही आणि एक माणूस द्यावा. शनिवारवाड्यासाठी आपण हळहळतो, पण हे तर आत्ता हातात आहे.

तीन. शाळांनी हा प्रयोग करावा. वखारीतून सागाचा टाकाऊ तुकडा आणायचा, पॉलिश पेपरने घासायचा, भिंगाखाली वलयं मोजायची. दोन तुकडे ताडून बघायचे. इतिहास, भूगोल आणि गणित एकाच तासात होतात. मात्र उभ्या झाडाला कोणी भोक पाडायला जाऊ नका, ते परवानगीचं आणि जाणकाराचं काम आहे.

चार. शहरातल्या झाडांसाठीही हे शिकून घ्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्याच्या नागरी वृक्ष कायद्यात पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. म्हणजे झाडाचं वय हा आता कायद्याचा प्रश्न आहे. वड, पिंपळ यांची वलयं सागासारखी स्पष्ट नसतात, तिथे नुसत्या मोजणीवर विसंबता येत नाही. 'हे झाड फक्त तीस वर्षांचं आहे' असं कोणी सांगितलं, तर 'कशावरून?' एवढं विचारता आलं पाहिजे.

त्या दिवशी काकांनी कापलेलं टोक भाचीला तसंच देऊन टाकलं. "ने बाळ, मला काय, जळणच आहे ते." ते आता तिच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. घासून घासून तिने ते गुळगुळीत केलंय. एका ठिकाणी सलग तीन वलयं इतकी दाटीने बसली आहेत की पिन ठेवायला जागा नाही. तिने तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय. ते कोणतं साल, हे तिला कोणीतरी सांगेल अशी तिची अपेक्षा आहे.

तुमच्या घरात, गावच्या वाड्यात, देवळाच्या सभामंडपात असं जुनं सागवान असेल तर खाली लिहा. निदान कुठे काय शिल्लक आहे याची यादी तरी होऊ दे. आणि कोणाचा वाडा उतरत असेल, तर टेम्पो निघायच्या आधी करवतवाल्याला एक मिनिट थांबवा.